क्वाडला रेडिएटर फॅन बसवून आठ महिने झाले: वाळवंटातला अनुभव

मी मूळचा कराडचा, नोकरीनिमित्त शारजात. माझ्याकडे चार वर्षांपासून ४५० सीसीची सेकंडहँड स्पोर्ट क्वाड आहे. चार जाड टायर, बाइकसारखं हँडल आणि वाळूत सुसाट पळणारी एटीव्ही. इंजिन लिक्विड कूल्ड, म्हणजे आतून फिरणारं पाणी (कूलंट) इंजिनाची उष्णता घेतं आणि पुढच्या जाळीत, रेडिएटरमध्ये, वाऱ्याने गार होतं. पण रेडिएटरला पंखा नाही. ही गाडी मुळात शर्यतीसाठी बनवलेली. शर्यतीत गाडी थांबतच नाही, वारा समोरून मिळत राहतो, मग पंख्याचं वजन उगाच कशाला वाहायचं, असा त्यामागचा हिशेब. आमच्यासारखे लोक मात्र शर्यत लावायला जात नाहीत. आम्ही सहा-सात जण जातो, त्यातल्या एकाची गाडी हमखास रुतते आणि बाकीचे इंजिन चालू ठेवून उभे राहतात.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये बदायरला गेलो होतो. दुबई-हत्ता रस्त्यालगतची ही लाल वाळू, बिग रेड नावाची मोठी टेकडी तिथेच आहे. दुपार झाली होती, ऊन ४० अंशांच्या पुढे. एका मित्राची जीप काढायला दहा मिनिटं थांबलो आणि लगेच पहिल्या गिअरमध्ये मऊ वाळूचा चढ घेतला. वर पोचेपर्यंत ओव्हरफ्लोच्या बाटलीतून वाफ यायला लागली. मागून कोल्हापूरचा मित्र ओरडला, "अरं, गाडी उकळाय लागली बघ, बंद कर आधी!" बंद केली आणि पाऊण तास तिच्या सावलीत बसून राहिलो. हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि सिलिंडर यांच्यामधलं सील) वाचलं हे नशीब. मऊ वाळूतला चढ इंजिनाला सगळ्यात जड जातो, कारण ताकद पूर्ण लागते आणि वेग जेमतेम माणसाच्या चालीइतका असतो. रेडिएटरला वारा मिळणार कुठून?

तरी मी लगेच पंखा घेतला नाही आणि तुम्हीही घेऊ नका. आधी रेडिएटरची कॅप बघा. माझ्या कॅपवर १.१ लिहिलेलं होतं, म्हणजे ती १.१ बार दाब धरून ठेवते. तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या वर गेल्याशिवाय उकळत नाही, कूलंट तर त्याहून उशिरा. माझ्या कॅपचं रबर तडकलेलं होतं, त्यामुळे दाब टिकतच नव्हता. रेडिएटरच्या जाळीत बारीक वाळू आणि जुना चिखल असा बसला होता की मागे टॉर्च धरला तर पुढे उजेड दिसेना. मागच्या बाजूने हलक्या हवेने साफ केला. प्रेशर वॉशरचा फवारा चुकूनही मारू नका, नाजूक पात्या आडव्या पडतात. नवी कॅप आणि ही सफाई, एवढ्यानेच निम्मा त्रास गेला. चालत्या गाडीचं तापमान ठीक राहायला लागलं. उभी राहिली की मात्र काटा पुन्हा चढायचा. तेव्हा पक्कं झालं की आता पंख्याशिवाय गत्यंतर नाही.

पहिला पंखा ऑनलाइन मागवला, ६५ दिरहमचा. ऑक्टोबरमध्ये बसवला आणि पाच आठवड्यांत त्याची घरघर सुरू झाली. उघडून पाहिलं तर आत बेअरिंगच नव्हतं, साधा बुश (नुसती कडी) होता आणि त्यात वाळूचं पीठ झालेलं. मग शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात जुन्या पार्टच्या दुकानांतून फिरलो. तिथे ड्यूक ३९० चा रेडिएटर फॅन मिळाला, १२० दिरहमला. ही बाइक आपल्या चाकणला बनते. घरापासून एवढ्या लांब तो पंखा हातात घेतला तेव्हा मला फार बरं वाटलं, हे इथे लिहायलाच हवं. तो आजही चालू आहे.

पंखा रेडिएटरच्या मागे बसवला, हवा ओढून घेणारा. वायर उलटी जोडली तरी पंखा फिरतो, पण हवा उलट्या दिशेने ढकलतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. मुलीच्या वहीचा एक कागद रेडिएटरच्या पुढून धरला. तो जाळीला घट्ट चिकटला तेव्हाच नट आवळले. जाळीतून प्लास्टिकचे टाय ओवून पंखा बांधणारे बरेच आहेत. तसं करू नका, कंपनाने टाय रेडिएटरच्या नळीवर घासतो आणि काही महिन्यांत तिला भोक पडतं. मी ३ एमएम अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचे ब्रॅकेट करून घेतले आणि रेडिएटरच्या मूळच्या बोल्टवर रबर घालून कसले.

खरा कस वायरिंगमध्ये लागला. बॅटरीपासून १० अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून पंख्याला. ८६ ला इग्निशनचा करंट आणि ८५ थर्मो स्विचमधून (तापमानावर चालणारा स्विच) अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूच्या चासीला. स्विच ८८ अंशांना चालू होतो, ८३ ला बंद. तो इंजिनाकडून येणाऱ्या गरम होजच्या (रबरी पाइपच्या) मधोमध अॅल्युमिनियमच्या छोट्या नळीत बसतो. सगळं जोडलं, गाडी तापवली, मीटर ९५ दाखवायला लागला तरी पंखा जागचा हलेना. रिले बदलला, फ्यूज तपासला, सगळं ठीक. ओळखीच्या पेशावरी मेकॅनिकने नुसतं बघितलं आणि स्विचच्या अंगाला एक वायर लावून चासीला टेकवली. पंखा तत्काळ फिरला. एका वायरचा स्विच स्वतःच्या अंगातून अर्थ घेतो आणि माझा स्विच दोन्हीकडून रबरी होजच्या मध्ये लटकत होता. त्याला अर्थ मिळणार कसा? एवढ्यासाठी माझे दोन शुक्रवार गेले. त्या नळीला अर्थ वायरसाठी स्क्रू असतो, तो आधी जोडा.

आता आकडे. पंखा ४.८ अँपिअर घेतो, मी स्वतः मोजलाय. पूर्वी उभ्या गाडीचं तापमान चार मिनिटांत ८८ वरून १०५ ला जायचं. मार्चमध्ये, ३४ अंशांच्या दुपारी, उभ्या गाडीत पंखा चालू-बंद होत ८२ ते ८९ च्या मध्ये काटा खेळत राहिला. मेमध्ये, ४१ अंशांत, पंखा बंद व्हायचं नावच घेत नव्हता, पण ९७ च्या वर गेला नाही. तोच पहिल्या गिअरचा चढ घेतला तेव्हा १०१ दिसले आणि वर पोचल्यावर दोन मिनिटांत खाली आले. डिसेंबर ते फेब्रुवारी तर पंखा जवळपास फिरलाच नाही. वेगात जाताना त्याचा काडीचा उपयोग नसतो, उलट हवेच्या वाटेत थोडा अडथळाच होतो. ज्यांची गाडी पळताना तापते त्यांनी पंख्यावर पैसे घालू नयेत. त्यांचा दोष कॅप, थर्मोस्टॅट, वॉटर पंप किंवा जाम झालेल्या रेडिएटरमध्ये शोधावा.

त्रास दोन झाले. जानेवारीत वाळलेल्या झुडपाची काडी पात्यात अडकली, पंखा जागीच थांबला आणि फ्यूज उडाला. थंडीचे दिवस असल्यामुळे मला आठवडाभर कळलंच नाही. उन्हाळ्यात असं झालं असतं तर इंजिन गेलं असतं. आता पंख्याच्या वायरवरून हँडलजवळ एक छोटा हिरवा दिवा आणलाय. पंख्याला करंट असेल तर तो लागतो. तापमान ९० आणि दिवा बंद दिसला की मी थांबतो. काडी शिरू नये म्हणून मागच्या बाजूने जाळीही लावली.

दुसरा त्रास बॅटरीचा. क्वाडची चार्जिंग तुटपुंजी असते. आयडलला (रेस न देता, उभ्या गाडीत) हेडलाइट आणि पंखा दोन्ही चालू असताना व्होल्टेज १२.२ वर यायचं, ३,००० आरपीएमला १३.६. एका संध्याकाळी परतताना सेल्फने मान टाकली आणि ढकलून गाडी चालू करावी लागली, तीही वाळूत. हेडलाइट एलईडी केल्यावर आयडललाही १३.१ मिळतं. पंख्याचा विचार करत असाल तर एलईडीचा खर्च त्यातच धरा.

बरेच जण विचारतात की गाडी बंद केल्यावरही पंखा फिरत राहावा अशी सोय का नाही केली. वॉटर पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद झालं की पाणी फिरायचं थांबतं, मग पंखा फक्त रेडिएटरमधलं पाणी गार करतो आणि हेडमधलं तसंच तापलेलं राहतं. त्यापेक्षा चढावरून आल्यावर मिनिट-दीड मिनिट गाडी आयडलला ठेवा, पंख्याला त्याचं काम करू द्या आणि मग चावी फिरवा.

वाया गेलेला पहिला पंखा आणि एलईडी सोडून एकूण २९५ दिरहम गेले: पंखा १२०, थर्मो स्विच आणि नळी ९०, रिले-वायर-फ्यूज ४५, ब्रॅकेटची मजुरी ४०. आपल्याकडचे सात हजार रुपये धरा. गावाकडच्या एका भावाने विचारलं होतं की कोकणातल्या किनाऱ्यावर भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या एटीव्हीला हे बसेल का. दादा, आधी तुझ्या गाडीला रेडिएटर आहे का बघ. लहान एटीव्ही बऱ्याचदा एअर कूल्ड, म्हणजे नुसत्या हवेने गार होणाऱ्या असतात, त्यांना हे लागू नाही. रेडिएटर असेल तर खाऱ्या हवेसाठी प्रत्येक कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओल आत जाऊ न देणारं, वीज न वाहणारं ग्रीस) भर आणि रिले सीटखाली, उंचावर, तोंड खाली करून लाव. माझा रिले दमट हवेमुळे हिरवा पडायला लागला होता, तोंड खाली केल्यापासून कोरडा आहे.