संसदेचं डिजिटल ग्रंथालय: साठा अव्वल, शोध लंगडा

चीनबद्दल किंवा सीमेवरच्या धोक्याबद्दल एखादा खासदार सभागृहात नेमकं काय बोलला, हे दोन मिनिटांच्या क्लिपवरून ठरवणं धोक्याचं आहे. आधी कोणता मुद्दा निघाला होता, मध्येच कोणी अडवलं, हे त्यात कापलेलं असतं. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात ते अख्खं वाचायला मिळतं. 1952 पासूनचं लोकसभेचं कामकाज, फुकट आणि लॉगिनशिवाय. इतका मोठा ठेवा असा खुला आहे, याचं मोल फार आहे.

पण विषय टाकून शोधायला गेलात तर फसाल. चिनी आक्रमणावरचा ठराव नेहरूंनी 8 नोव्हेंबर 1962 ला मांडला, तो 14 तारखेला संमत झाला आणि 165 सदस्य बोलले. शोधात यातला एखादाच दिवस वर येतो आणि चर्चा तेवढीच झाली असं वाटतं. म्हणून तारखेने जा, आणि सलग सगळे दिवस उघडा.

सभागृह आधी पक्कं करा. वाजपेयी 1962 ची लोकसभा निवडणूक हरले आणि राज्यसभेत गेले. त्या नोव्हेंबरमधलं त्यांचं म्हणणं लोकसभेच्या इतिवृत्तात कितीही धुंडाळलं तरी सापडणार नाही. राज्यसभेचा संग्रह वेगळ्या संकेतस्थळावर आहे.

जुन्या खंडांत संदर्भाचा आकडा पानाचा नसतो, स्तंभाचा असतो. एका पानावर दोन स्तंभ, दोघांना स्वतंत्र क्रमांक. समोर उघडलेल्या आणि हव्या असलेल्या स्तंभातला फरक काढा, निम्मा करा, तेवढी पानं पुढे जा. पानाच्या माथ्यावर कुठे इंग्रजी तारीख असते, कुठे शकाची: 8 नोव्हेंबर म्हणजे ‘कार्तिक 17, 1884’. सुटं पान छापून ठेवणाऱ्यांची इथेच गल्लत होते.

पीडीएफमधला शब्दशोध इंग्रजी भाषणांवर बऱ्यापैकी चालतो. स्कॅन केलेल्या देवनागरीवर भरवसा ठेवू नका, डोळ्यांनीच वाचा. सदस्याच्या नावापुढे कंसात मतदारसंघ येतो, उदाहरणार्थ नाथ पै (राजापूर). आडनाव सारखं असेल तर ही खूण कामी येते.

प्रश्नोत्तरं वाचताना जास्त सावध राहा. लेखी उत्तर हे मंत्रालयाचं म्हणणं असतं, खासदाराचं मत नव्हे. त्याचा कल दिसतो तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मिळणाऱ्या) प्रश्नानंतरच्या पुरवणी प्रश्नात. अतारांकित म्हणजे फक्त लेखी उत्तराच्या प्रश्नाला पुरवणी नसतेच. गोपनीय बाबींची माहिती नियमानुसार प्रश्नातून मागता येत नाही, त्यामुळे संरक्षणावर एखाद्याचे प्रश्न कमी दिसले म्हणून तो गप्प होता असं धरू नका.

मजकुरात फुल्या दिसल्या तर तळटीप बघा; बहुधा अध्यक्षांनी शब्द वगळायला लावलेले असतात. मराठीतून केलेल्या भाषणाचा तर बहुतेक वेळा इंग्रजी किंवा हिंदी अनुवादच छापलेला असतो. तो मूळ शब्द समजून उद्धृत करू नका.