बोहरी आळीतला वजनकाटा आणि आमच्या आईंचं हृदय

नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला आणि तेव्हापासून एकही सकाळ चुकलेली नाही, म्हणून आता खात्रीने लिहिते. रविवार पेठेत, बोहरी आळीतून घेतलेला काचेचा, पेन्सिल सेलवर चालणारा साधा वजनकाटा. साडेअकराशे रुपये. वजन कमी करण्यासाठी काटा शोधणाऱ्यांना यातलं बरंचसं लागू नाही. ज्यांच्या घरी कॅन्सरमधून उठलेलं आणि नंतर हृदय कमजोर झालेलं माणूस आहे, त्यांच्यासाठी लिहितेय.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. २०१९ साली डाव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग केमो. त्यात ते लाल औषध होतं, डॉक्सोरुबिसिन. कोकम सरबतासारखा रंग. घरी आल्यावर लघवीही लालसर झाली तेव्हा मी घाबरून डे-केअरला फोन केला होता. त्यानंतर वर्षभर दर तीन आठवड्यांनी ट्रास्टुझुमॅब हे कॅन्सरचं औषध आणि दर तीन महिन्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. सगळे इको चांगले आले. शेवटच्या डोसाला पेढे वाटले.

२०२३ च्या पावसाळ्यात आईंना धाप लागायला लागली. आमच्या वाड्याच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. त्या सातवीवर बसायच्या. रात्री आडवं झालं की खोकला, म्हणून एका उशीच्या तीन उशा झाल्या. जवळच्या दवाखान्यात तीन आठवडे खोकल्याचं औषध चाललं. आमच्या मनात एकच भीती, परत आला, आता फुप्फुसात गेला. पेट स्कॅन स्वच्छ आला. मग कुणीतरी इको करायला सांगितलं. ईएफ, म्हणजे डावा कप्पा दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो तो आकडा, ६२ वरून ३८ वर आला होता.

हृदयाच्या मॅडमनी आम्हाला समोर बसवून समजावलं. आईंच्या गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन भरपूर होतं, ट्रास्टुझुमॅब तेच अडवतं. पण हृदयाच्या स्नायूलाही स्वतःची डागडुजी करायला तोच हर-टू लागतो. लाल औषध स्नायूच्या पेशींना थेट इजा करतं, ती डोसागणिक साठत जाते आणि कधी कधी वर्षांनी दिसते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही दोन्ही औषधं बरोबर दिलेल्या रुग्णांपैकी २७ टक्क्यांच्या हृदयावर परिणाम दिसला होता. म्हणून आता ती सहसा एकापाठोपाठ देतात. हे वाचून कुणी केमोला घाबरू नये, असं मला मनापासून वाटतं. त्या औषधांमुळेच आई आज आमच्यात आहेत.

मॅडमनी तंबाखूचंही विचारलं. आई मिश्री लावायच्या, माहेरपासूनची सवय. तंबाखू, रक्तदाब, साखर, जाडी ही कारणं दोन्ही आजारांना सामाईक आहेत. आणि उलटी वाटही असावी, असं त्या म्हणाल्या. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की हृदय निकामी झालेल्या उंदरांच्या आतड्यातल्या गाठी जास्त वाढतात. माणसांत ते तसं सिद्ध झालेलं नाही, पण मॅमोग्राफी चुकवायची नाही, हे त्यांनी बजावलं. मिश्रीची डबी त्याच संध्याकाळी आईंनी स्वतः फेकली.

आता काटा. कमजोर हृदयात पाणी अंगात साठतं, आणि पायावर सूज दिसायच्या आधी ते वजनात दिसू शकतं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन करायचा, हा आम्हाला दिलेला नियम. घरातला जुना स्प्रिंगचा काटा अर्ध्या किलोच्या रेघांचा, त्याचा काय उपयोग? हा शंभर ग्रॅमने बदलतो. आणल्याबरोबर दहा किलो तांदळाची पिशवी ठेवून पाहिली, १०.१ दाखवलं. पण आमची शहाबादी फरशी उंचसखल, जागा बदलली की आईंच्या वजनात आठशे ग्रॅमचा फरक! सुताराकडून जाड प्लायवूडची फळी कापून आणली, खाली कोपऱ्याला पुठ्ठ्याची पाचर दिली, तेव्हा आकडा स्थिरावला. घेणाऱ्यांनी हे आधी करा, काट्याला दोष देऊ नका.

सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच गाऊनमध्ये आई उभ्या राहतात. आकडा मी कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकटीत लिहिते.

२०२४ चे गणपती. ९ सप्टेंबरला ५८.४, दुसऱ्या दिवशी ५९.५, गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ६०.६. पाय दाबून पाहिले तर सुजेचा खळगा नाही. आई म्हणाल्या, “अगं, मोदकांचं वजन आहे, सणासुदीला फोन कसले करतेस!” मी केला. कढी, पापड, लोणचं, पंचामृत, सगळ्याचं मीठ दोन दिवस पोटात गेलं होतं, आणि मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. मॅडमनी लघवीची गोळी वाढवायला सांगितलं, रक्त तपासलं, आणि पाच दिवसांत आकडा ५८.७ वर आला. ॲडमिट करावं लागलं नाही.

काट्यातली खोटही सांगते. काच गुळगुळीत आहे, ओल्या पायाने आई एकदा घसरता घसरता वाचल्या. मी वर खरखरीत पट्ट्या चिकटवल्या आणि भिंतीला धरायला दांडी लावली. आकडा चार-पाच सेकंदांत विझतो, मोतीबिंदूच्या डोळ्यांना तेवढ्यात वाचता येत नाही, त्यामुळे मी शेजारी उभी असावीच लागते. दर सात-आठ महिन्यांनी सेल बदलावे लागतात; ते संपत आले की आकडा भलताच येतो, तेव्हा आधी सेल बदला, मग काळजी करा. मोबाईलला जोडायची सोय आहे म्हणे, आम्ही कधी वापरली नाही.

पाचपैकी चार. मागच्या महिन्यात दुकानात जाऊन आकडा बोलून दाखवणारा काटा मिळेल का विचारून आले. आला की कळवतो म्हणालेत. तोवर हाच चालू आहे. आईंचा ईएफ आता ४८ आहे, आणि आज सकाळचं वजन ५८.२.