गिअर लिव्हर ढिला झालाय: वेल्डिंग मारायचं की नवा लिव्हर?

भाच्याच्या जुन्या स्प्लेंडरचा गिअर लिव्हर इंजिनातून बाहेर आलेल्या शाफ्टवर (दांड्यावर) नुसताच फिरतो, गिअर पडतच नाही. गॅरेजवाला म्हणतो वेल्डिंगचा टाका मारू, मित्र म्हणतात नवा घे.

आधी १० नंबरचा पाना घेऊन लिव्हरचा बोल्ट आवळून बघा. लिव्हरच्या खाचेचे दोन्ही ओठ एकमेकांना टेकले असतील, तर कितीही आवळा, पकड येणार नाही. मग बोल्ट पूर्ण काढून लिव्हर ओढा आणि लिव्हरच्या आतले व शाफ्टवरचे, एकमेकांत अडकणारे दाते तपासा. बहुतेकदा लिव्हरचे दाते झिजलेले असतात, शाफ्टचे शाबूत असतात.

खर्चात टाका स्वस्त, पण फरक फार नाही. साध्या गाडीचा लिव्हर काही शे रुपयांत येतो. मेहनतही सारखीच.

खरा फरक पुढे पडतो. टाका मारलेला लिव्हर निघत नाही. उद्या तिथलं ऑइल सील (तेल अडवणारी रबरी रिंग) गळलं किंवा मॅग्नेट कव्हर (इंजिनाचं त्या बाजूचं झाकण) उघडायचं झालं, की आधी ग्राइंडरने कापाकापी, त्यात शाफ्टचे चांगले दातेही जातात. शिवाय वेल्डिंगच्या आचेने ते रबरी सील तिथल्या तिथे करपू शकतं. मला हे अजिबात पटत नाही.

शाफ्टचे दाते चांगले असतील तर नवा लिव्हरच घ्या. दातेच सपाट झालेत, शाफ्ट बदलायला इंजिन उघडायचं बजेट नाही आणि गाडी रोज लागतेच, अशांनी टाका मारावा. मात्र बॅटरीची वायर आधी काढायला लावा.