काकींचं नाव, रेकॉर्डातला ‘माणूस’ आणि लॅमिनेट केलेला पीपीओ

जुन्या फौजी कागदांतलं नाव, जन्मतारीख, लग्नाची नोंद दुरुस्त करून देतो असं सांगून पैसे उकळणारा एक जण आमच्या सातारा भागात बरेच दिवस फिरतोय. माझ्या चुलत्यांना त्याने ६३ हजारांना बुडवलं. पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण त्याने कागदांचा जो चिवडा करून ठेवला तो निस्तरताना जास्त जीव गेला, आणि त्या बाजूबद्दल सहसा कुणी बोलत नाही. म्हणून सविस्तर लिहितोय. घरात कुणी पेन्शनर फौजी असतील तर त्यांना वाचून दाखवा.

आप्पा, म्हणजे हे चुलते, १९६८ ला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. १९७१ च्या लढाईत आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होते, १९८५ ला पेन्शन आले. मधे १९७४ ला रजेवर आले असताना लग्न झालं. काकींचं माहेरचं नाव हौसा. लग्नात तांदळात अंगठीने लिहिलं गेलं सुशीला. आप्पांनी रजेवरून गेल्यावर पल्टनीत हेच नवं नाव सांगितलं आणि क्लार्कने पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या लग्नासारख्या बदलांची फौजेतली अधिकृत नोंद) काढली, ‘सुशीलाबाई’. गावात मात्र ते नाव मांडवाबाहेर पडलंच नाही. रेशनकार्ड, मतदान कार्ड, बँक, आधार, सगळीकडे हौसाबाई. आधारवर जन्मतारीख १ जून १९५५. (१ जून ही अर्ध्या महाराष्ट्राची जन्मतारीख आहे, गुरुजींची कृपा.) फौजेच्या कागदात त्यांची जन्मतारीख नाहीच. जुन्या पीपीओत (पेन्शन देण्याच्या आदेशात) बायकोचं नाव सापडलं तरी नशीब समजायचं.

अशी घरं शेकड्याने आहेत. आप्पा हयात आहेत तोवर कुणाचं काही अडत नाही. ते गेल्यावर फॅमिली पेन्शन सुशीलाबाईंच्या नावाने निघणार आणि बँकेच्या दारात उभ्या राहणार हौसाबाई. ही भीती खरी आहे. त्या माणसाने ती निर्माण केली नाही, फक्त तिच्यावर धंदा टाकला.

तो आप्पांना भेटला माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेच्या दवाखान्यात, औषधाच्या रांगेत. छातीवर बिल्ला लावलेला ब्लेझर, हातात प्लॅस्टिकची फाइल. “जय हिंद आप्पासाहेब. कोणती पल्टन?” इथून सुरुवात. स्वतः सिग्नलमधून सुभेदार म्हणून आलो असं म्हणाला. मग हळूच, “काकीसाहेबांचं नाव पीपीओत काय आहे, कधी बघितलंय का? उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर त्या माउलीने कुठं फिरायचं?” आप्पांनी घरी येऊन पेटीतला कागद काढून बघितला आणि त्या रात्री जेवले नाहीत, असं काकी सांगतात.

मी स्वतः फौजेत क्लार्क होतो. पार्ट टू ऑर्डरी टाइप करण्यात निम्मी नोकरी गेली. आप्पांनी मला का विचारलं नाही, असं प्रत्येक जण विचारतो. मी पुण्यात, आणि “तुला कशाला त्रास, तो माणूस सगळं करतोय की” हे त्यांचं उत्तर. शिवाय त्या माणसाला काही येत नव्हतं असंही नाही. रेकॉर्ड ऑफिस (जवानांच्या नोंदी ठेवणारं), पार्ट टू ऑर्डर, प्रयागराजचं पेन्शन ऑफिस, कोरिजेंडम पीपीओ (दुरुस्तीचा पीपीओ), हे शब्द तो बरोबर क्रमाने बोलायचा. सांगितलेलं निम्मं खरंच होतं. फौजी माणूस कागदाला मान देतो, शिक्क्याला त्याहून जास्त, आणि ‘साहेब’ म्हणणाऱ्याला सगळ्यात जास्त.

पैसे एकदम मागितले नाहीत. आधी ३ हजार, ‘फाइल उघडायचे’. मग १५ हजार, कारण ‘रेकॉर्डात आपला माणूस आहे, त्याला द्यावे लागतात’. मग प्रयागराजच्या चहापाण्याचे २० हजार. शेवटचे २५ हजार तर कमालच, ‘७१ च्या लढाईची वाढीव रक्कम बसवून घेतो, थकबाकीसकट’. असली कुठलीही वाढीव रक्कम कागदावर नाव बदलून सुरू होत नसते, पण जमालपूरचं नाव काढलं की आप्पा विरघळतात हे त्याने हेरलं होतं. पैसे फोनपेवर, दर वेळी वेगळ्याच बाईच्या किंवा पोराच्या नावावर. पावती एकाचीही नाही.

यात दोन गोष्टी त्याने करवून घेतल्या, त्या पैशापेक्षा वाईट. एक, काकींचा अंगठा कोऱ्या स्टॅम्प पेपरवर. दोन, आप्पांच्या स्पर्श खात्याचा पासवर्ड. स्पर्श ही संरक्षण खात्याची पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था, पूर्वी बँकेत असलेलं बरंचसं काम आता तिथं होतं. त्याने लॉगिन करून मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा घातला. म्हणजे ओटीपी त्याला, सूचना त्याला, आप्पांच्या हातात फक्त महिन्याची रक्कम.

काही महिन्यांनी त्याने घरी येऊन ‘कोरिजेंडम पीपीओ’ दिला. पेढे घेऊन आला होता. कागद लॅमिनेट केलेला. काकींनी तो देव्हाऱ्याशेजारी ठेवला.

बिंग फुटलं ते हयातीच्या दाखल्याच्या वेळी. गावातल्या केंद्रावरच्या पोराने लॉगिन करायला घेतलं तर ओटीपी आप्पांच्या फोनवर येईना. त्या फाइलवाल्याला फोन केला तर म्हणाला, “नंबर बदलून देतो, पण सर्व्हर चार्ज ५ हजार लागेल.” तेव्हा कुठे आप्पांनी मला फोन लावला.

तो लॅमिनेट केलेला कागद मी हातात घेतला आणि दोन मिनिटांत कळलं. इथं जरा बारीक सांगतो, कारण असे कागद आणखीही घरांत असणार. वर ऑफिसचं नाव होतं आणि खाली गाव ‘अलाहाबाद’. शहराचं नाव २०१८ ला प्रयागराज झालं, कागदावर तारीख २०२४ ची. जुन्या कुणाच्या तरी पीपीओची झेरॉक्स काढून मधला मजकूर बदलला होता, चौकटीची रेघ एका ठिकाणी तुटून दोन मिलिमीटर वर चढली होती. आप्पांच्या आर्मी नंबरात शेवटचं इंग्रजी अक्षर नव्हतं. जवानाच्या नंबरामागे ते एक अक्षर असतंच. नंबर लिहिताना चूक झाली तर पकडता यावी म्हणून ते असतं, आणि कुठलाही पेन्शन क्लार्क ते गाळणार नाही. पार्ट टू ऑर्डरचा नंबर नाही, तारीख नाही. रेकॉर्डने ऑर्डर काढल्याशिवाय प्रयागराजला दुरुस्ती होतच नाही, मग हा कागद आला कुठून? आणि सगळ्यात सरळ गोष्ट म्हणजे आप्पांचं पेन्शन स्पर्शवर आहे. खरा कोरिजेंडम निघाला असता तर तो त्यांच्या खात्यात दिसला असता, तिथूनच उतरवून घेता आला असता. निळ्या गोल शिक्क्याची कुणाला गरजच नव्हती. लॅमिनेशन कशाला, तर कुणी बोट ओलं करून शिक्का घासू नये म्हणून.

आप्पांना प्रत्यक्ष नेऊन मोबाइल नंबर परत त्यांचा करून घेतला. खातं उघडल्यावर दुसरी भानगड दिसली. त्याने काहीच केलं नव्हतं असं नाही, एक अर्ज खरंच टाकला होता, आणि नामंजूर झाला होता. सोबत काकींच्या अंगठ्याचं प्रतिज्ञापत्र. त्यात जन्मतारीख १ जून १९४४! आप्पा १९४९ चे. म्हणजे काकी नवऱ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठ्या झाल्या आणि लग्नाच्या वेळी तीस वर्षांच्या. काकींना सांगितलं तर आधी हसल्या, मग त्याला ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिता येणार नाहीत.

हे त्याने का केलं तेही समजून घ्या. पेन्शनर किंवा फॅमिली पेन्शनर ८० वर्षं पूर्ण झाले की मूळ पेन्शनमध्ये २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. बायकोचं वय वाढवून दाखवलं की पुढे तिची फॅमिली पेन्शन सुरुवातीपासूनच वाढून येईल, असं गाजर तो दाखवतो. आप्पांना हे त्याने सांगितलंच नव्हतं, परस्पर केलं. आणि फॅमिली पेन्शन सुरू होण्याआधी त्या वाढीचा काडीचा उपयोग नाही. उपयोग झाला तो उलटा. आधार एक सांगतं, शपथेवर दिलेला कागद दुसरंच सांगतो, आणि दोन्हींवर अंगठा काकींचाच. आधी फक्त नावाचा फरक होता. आता खोट्या शपथेचा प्रश्न आला.

आता खरा रस्ता, थोडक्यात. तुमची पल्टन किंवा कोर जी असेल तिचं रेकॉर्ड ऑफिस हेच मूळ ठिकाण. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, सिग्नलचं जबलपूरला. बायकोच्या नावात फरक असेल तर दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र, दोघांचे आधार आणि पॅन, डिस्चार्ज बुकाच्या पानांच्या प्रती, पीपीओ, एकत्र फोटो, आणि फरक मोठा असेल तर वर्तमानपत्रातली जाहिरात, असं साधारण लागतं. पण रेकॉर्डाप्रमाणे यादी थोडी बदलते, म्हणून आधी एक साधं पत्र टाकून त्यांच्याकडून लेखी यादी मागवायची. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पाठवावा. आपले लोक अजून त्याला सोल्जर बोर्डच म्हणतात. तिथले कल्याण संघटक अर्ज लिहून देतात, त्यासाठी पैसे नाहीत. रेकॉर्ड पार्ट टू ऑर्डर काढतं, माहिती प्रयागराजला जाते, तिथून कोरिजेंडम. या वाटेवर सरकारला द्यायची फी नाही. खर्च नोटरीचा, जाहिरातीचा आणि पोस्टाचा. अर्ज कुठे अडलाय हे कळत नसेल तर माहिती अधिकारात १० रुपये भरून विचारा, ३० दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे. एवढं करूनही नकार आला आणि तो चुकीचा वाटला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे. तिथं मात्र वकील गाठावा, फाइलवाला नव्हे.

काही कामं होतच नाहीत, तीही सांगून ठेवतो. सैनिकाची स्वतःची भरतीच्या वेळची जन्मतारीख पेन्शन आल्यावर बदलून देतो म्हणणारा थापा मारतोय. नोकरीच्या शेवटी जन्मतारीख बदलून मागणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयानेही पुन्हा पुन्हा परत पाठवलंय. अपंगत्वाचं पेन्शन ओळखीवर लागत नाही, त्याला मेडिकल बोर्ड लागतो. आणि रेकॉर्डातला ‘माणूस’ ही चीज मी इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी पाहिली नाही. तिथे आलेल्या कागदाला डायरी नंबर पडतो. तुमच्याकडे तो नंबर नसेल तर तुमचा कागद तिथे पोचलेलाच नाही, एवढं धरून चाला.

आमचं पुढं काय झालं? रेकॉर्डला सगळी हकीकत लिहून कळवली, जुन्या प्रतिज्ञापत्रातली तारीख काकींनी सांगितलेली नाही असं नवं शपथपत्र जोडलं, सोबत चौथीपर्यंतच्या शाळेचा दाखला. शाळेच्या रजिस्टरात ‘हौसा’ सापडली हे नशीब. पोलिसांतल्या तक्रारीची प्रतही जोडली, तिचा फार उपयोग झाला, कारण खोटं आम्ही केलेलं नाही हे दाखवायला हातात काहीतरी होतं. त्यांनी खुलासा मागितला, तो दिला. आता पार्ट टू ऑर्डर निघालीय, कोरिजेंडम यायचाय.

पैसे मिळण्याची आशा मी सोडलीय. ऑनलाइन पैसे गेल्यावर १९३० ला लगेच फोन केला तर पुढच्या खात्यात अडवता येतात, आम्ही गेलो तोवर महिने उलटले होते. आप्पा सुरुवातीला तक्रार द्यायलाच तयार नव्हते. “लोक काय म्हणतील, लढाईतला माणूस अन् झेरॉक्सवाल्याने फसवला.” काकींनी एका वाक्यात गप्प केलं, “मला म्हातारी केलीया त्यानं, मी देते तक्रार.” आणि दिली.

त्याचा जुना नंबर बंद आहे. माणूस मात्र बंद नाही, आता कॅन्टीनच्या दिवशी बाहेरच्या चहाच्या गाड्यावर असतो असं कानावर आलं. ओळखायची एक खूण आहे. तो आधी तुमची पल्टन विचारतो, आणि मग स्वतःची नेमकी दुसरी सांगतो, म्हणजे ओळखीचं कुणी निघायला नको. आप्पांना सिग्नल म्हणाला होता. शेजारच्या तालुक्यात सिग्नलच्याच एका हवालदाराला भेटला तेव्हा तो तोफखान्यातला होता.