जुन्या मिलिंगला स्लाइडवे ऑइल 68: आठ महिन्यांनंतर

मिलिंग मशीन नी-टाइप (टेबलाला खालून वर-खाली करणारा ‘नी’ असलेलं), स्लाइड म्हणजे एकमेकांवर सरकणारे भाग बिडावर बीड, तेल हातानं दाबायच्या वन-शॉट लुब्रिकेटरनं (एका दाबात सगळ्या लाइनना तेल देणारा पंप). साकीनाक्याचा गाळा, रोज एक पाळी. एप्रिल ते नोव्हेंबर, म्हणजे अख्खा पावसाळा यात आला.

आधी टाकीत हायड्रॉलिक 68 होतं (68 हा तेलाच्या जाडीचा आकडा, आयएसओ व्हीजी). जाडी तीच, पण अगदी हळू फीडला टेबल अडखळायचं. हातचाक 0.02 मिमी फिरवलं तरी डायलचा काटा जागेवर, मग एकदम उडी. स्लाइडवे तेलात पृष्ठभागाला धरून राहणारं आणि ही अडखळ मोडणारं मिश्रण असतं, हायड्रॉलिकमध्ये ते नसतं. तेल बदलल्यावर चार-पाच दिवसांत काटा हाताबरोबर चालू लागला. सर्वोवे 68, व्हॅक्ट्रा नंबर 2, टोना 68 ही सगळी याच वर्गातली. मुंबईत नागदेवीच्या बाजारात जे ताजं, सीलबंद मिळेल ते घ्या. डब्यावर नुसतं ‘68’ असून चालत नाही, ‘स्लाइडवे’ लिहिलेलं हवं.

‘मशीन झिजलंय, जाड तेल घाला’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो ऐकू नका. झीज तेलानं भरून निघत नाही, ती गिबनं (स्लाइडमधली फट जुळवणारी पट्टी) आणि स्क्रेपिंगनंच (पृष्ठभाग खरवडून सपाट करणं) निघते. वर जाड तेल मीटरिंग युनिटच्या (प्रत्येक लाइनला मोजून तेल सोडणारा तुकडा) बारीक भोकातून नीट जात नाही, आणि पंपापासून लांबची स्लाइड आधी कोरडी पडते. उभ्या स्लाइडसाठी 220 असतं हे खरं, पण एकाच टाकीतून सगळीकडे तेल जात असेल तर 68च ठेवा आणि नीच्या स्लाइडला रोज ब्रशनं हात फिरवा.

इंजिन ऑइलही नको. त्यातलं डिटर्जंट पाणी आणि बारीक कीस खाली बसू देत नाही, तेलातच फिरवत ठेवतं. जीएल-5 गिअर ऑइल (गाड्यांच्या डिफरेंशियलचं) तर गनमेटलच्या नटाजवळही नेऊ नका, त्यातलं गंधक पितळी धातू खातं. आणि वन-शॉटच्या निपलमध्ये कोणी ग्रीस मारलं असेल तर नवं तेल घालण्याआधी सगळ्या लाइन उघडाव्याच लागतील.

बदलताना टाकी रिकामी करून पुसा, फिल्टर नवा घाला. मग प्रत्येक लाइन मीटरिंग युनिटपाशी सैल करून स्वच्छ तेल येईपर्यंत हँडल दाबा. एखाद्या युनिटमधून येत नसेल तर तार खुपसू नका, भोक मोठं होतं आणि बाकीच्यांचा वाटा तेच खातं, युनिट बदला. जुना चिकट थर निघाला की टेबल सैल वाटतं. ते तेलाचं पाप नाही, थरानं झाकलेला ढिलेपणा उघडा पडतो. गिब त्यानंतर लावा, आधी नाही.

सकाळी दोन दाब, पुढे दर दोन तासांनी एक. स्लाइडच्या कडेला पातळ ओली रेघ दिसली म्हणजे पुरे.

गिअरबॉक्सला मात्र हे तेल नाही. मशीनवरची प्लेट पाहा. जुनी असेल तर त्यावर एसएई आकडा असतो: एसएई 20 म्हणजे साधारण व्हीजी 68, एसएई 10 म्हणजे 32. मशीन बंद असताना तेलाची पातळी दाखवणारा ग्लास अर्धा भरलेला हवा. जास्त भरलं तर तेल घुसळून तापतं आणि सीलमधून गळतं. जुलैत ग्लास दुधाळ दिसला तर सकाळी मशीन सुरू करण्याआधी ड्रेन प्लग जरासा सैल करा, खाली बसलेलं पाणी आधी निघेल. तरी दुधाळच राहिलं तर सगळं तेल बदला.

स्लाइडवे तेलाच्या तक्रारी दोन. हायड्रॉलिकपेक्षा लिटरमागे महाग पडतं. आणि कूलंटवर तवंग येतो, तो आठवड्याला काढावा लागतो, नाहीतर सोमवारी टाकीला वास मारतो. गंज रोखायचं कामही याच्यावर टाकू नका: शनिवारी टेबलाच्या टी-स्लॉटमध्ये (जॉब बांधायच्या खाचा) कूलंट साचून राहिलं तर खालचं बीड लाल होतंच. आधी पुसायचं, मग तेलाचा हात.

ड्रम घेत असाल तर बाहेर उभा ठेवू नका. झाकणावर पावसाचं पाणी साचतं आणि रात्री ड्रम थंड झाला की ते बुचातून आत ओढलं जातं. आडवा ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी. छोट्या गाळ्याला 20 लिटरचा डबाच बरा.