पावसाळाभर बंद ठेवलेलं ५ एचपीचं डिझेल इंजिन: वापरानंतरचा अनुभव

खानापूर तालुक्यात मलप्रभेकाठी शेत असलेल्यांना डिझेल इंजिन उन्हाळ्यापुरतंच लागतं. जूनपासून नदीच वर येते आणि इंजिन दिवाळीपर्यंत खोपीत बसून राहतं. म्हणून एक सिलिंडरच्या, पाण्यावर थंड होणाऱ्या, हँडल मारून चालू करायच्या या इंजिन-पंपाबद्दल उन्हाळा संपल्या संपल्या लिहिलं नाही. पावसाळाभर बसून ते पुन्हा कसं उठतं, ते बघायचं होतं.

उन्हाळ्यात तक्रारीला जागा नव्हती. ऊस, मिरची, दोन्हीला पाणी पुरलं. आवाज मात्र मोठा आहे.

ठेवायच्या आधी ऑइल बदललं. बरेच जण ते पावसाळ्यानंतर बदलतात, मला पटत नाही. जळलेल्या डिझेलचे अंश आणि ओलावा मिळून जुन्या ऑइलमध्ये आम्ल तयार होतं आणि बंद इंजिनात ते बेअरिंग खात राहतं. इंजिन गरम असतानाच जुनं ऑइल सोडायचं, नवं भरून थोडा वेळ चालवायचं.

टाकी काठोकाठ भरली. अर्धी ठेवली की रिकाम्या जागेत दमट हवा शिरते, रात्री पत्र्याला आतून पाणी सुटतं आणि डिझेलपेक्षा जड म्हणून तळाला बसतं. त्या पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर जंतू वाढून काळा, चिकट गाळ होतो. फिल्टर तुंबतो ते वेगळंच, पण फ्युएल पंपातल्या प्लंजर-बॅरलमधली, म्हणजे दट्ट्या आणि त्याच्या नळीमधली, फट काही मायक्रॉनचीच असते. तिथं गंज धरला तर खर्च मोठा. आणि नेमका इथंच या मॉडेलचा दोष आहे. टाकीचा ड्रेन प्लग तळाला नाही, बाजूला जरा वर आहे. तळाचं पाणी काढायला टाकी उतरवून कलती करावी लागते. एवढे पैसे घेऊन हे चालायला नको होतं.

इंजिनच्या ब्लॉकमधलं थंड करायचं पाणी सोडायचा कॉक मात्र योग्य जागी, खाली दिलाय. नदीचा गाळ अडकतो, म्हणून धार थांबली तरी आत तार घालून बघा. पंपाच्या केसिंगमधलंही पाणी सोडा, पट्टा काढून ठेवा, नदीतल्या पाइपाच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह नदी चढायच्या आत वर घ्या.

डिझेल बंद करून हवा आत घेणाऱ्या इनटेकमधून थोडं ऑइल सोडलं, कॉम्प्रेशनचा जोर काढणारा डीकॉम्प्रेशन लिव्हर उचलून इंजिन हातानं फिरवलं. मग लिव्हर सोडून कॉम्प्रेशनचा जोर लागला तिथंच थांबवलं. तिथं दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, ओल लागत नाही. सायलेन्सरच्या तोंडाला कापड आणि डबा बांधला, नाहीतर कुंभारमाशी आत मातीचं घर करते. प्लास्टिक गच्च गुंडाळू नका, आतच घाम धरतो; ताडपत्री खालून मोकळी ठेवा.

नोव्हेंबरमध्ये सायलेन्सर मोकळा केला, फिल्टरच्या वाटीतलं पाणी सोडलं, फ्युएल लाइनमधली हवा काढली, डिझेल न देता काही फेरे मारले आणि मग चालू केलं. आधी पांढरा धूर आला, थोड्या वेळात निवळला. डिझेल फवारणारं नोझल खोलायची वेळ आली नाही.

सुट्या भागांची चिंता बेळगावकडच्या माणसानं करू नये. किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलीच्या दुकानापासून सुरुवात केली ती याच शहरात, आणि आज इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वॉशरपासून लायनरपर्यंत काम करून मिळतं. अडचण पुस्तिकेची आहे. इंजिन बंद ठेवण्याबद्दल तिच्यात चारच ओळी, त्याही इंग्रजीत. विकत घेताना दुकानदाराकडून निदान तेवढं पान मराठीत किंवा कन्नडमध्ये मागून घ्या.