रस्त्यासाठी जमीन: थेट खरेदी की सक्तीचे संपादन?

सिंहस्थाची तारीख पंचांगाने ठरत असल्याने त्यासाठीच्या रस्त्यांना मुदतवाढ मागण्याची सोय नसते. म्हणून नाशिक परिसरात रस्ता आखणाऱ्या यंत्रणेने निविदेआधी जमीन कोणत्या मार्गाने घ्यायची हे ठरवावे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचनेपासून घोषणेपर्यंत १२ महिने आणि घोषणेपासून मोबदला ठरवणाऱ्या निवाड्यापर्यंत आणखी १२ महिने अशी मुदत आहे. थेट खरेदीत हे टप्पे टळतात. दर मान्य होऊन खरेदीखत नोंदवले की पैसे खात्यात आणि जमीन ताब्यात येते. समृद्धी महामार्गासाठी सिन्नर व इगतपुरी तालुक्यांत मुख्यतः हाच मार्ग धरला गेला. ग्रामीण भागात बाजारमूल्याची दुप्पट, त्यावर तेवढीच दिलासा रक्कम आणि या चौपटीवर २५ टक्के वाढ, असा पाचपट मोबदला होता. तरीही शिवड्यासारख्या गावांतील विरोध केवळ दर ऐकून मावळला नाही.

थेट खरेदीची खरी अडचण सातबाऱ्यावर असते. आजोबांच्या नावावरील गटाला वारसनोंद झालेली नाही, बहिणींची नावे इतर हक्कांत आहेत, सोसायटीचा बोजा फेडूनही उतरवलेला नाही आणि एक भाऊ मुंबईला आहे, अशा गटाचे खरेदीखत सर्वांच्या सह्यांवाचून होत नाही. त्यात द्राक्षबाग असेल तर संयुक्त मोजणीत मांडव, विहीर आणि जमिनीखालची पाइपलाइन नोंदवण्यावरूनच वाद होतो. सक्तीच्या संपादनात वाटणीचा वाद असला तरी मोबदला भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे जमा करून ताबा घेता येतो. पुढे वाढीव मोबदल्याचे दावे मात्र वर्षानुवर्षे चालतात.

माझ्या मते सातबारा स्वच्छ असलेल्या गटांसाठी थेट खरेदी निःसंशय सरस आहे, आणि वादाच्या गटांसाठी संपादनाची अधिसूचना त्याच वेळी निघाली पाहिजे. खरेदी फसल्यावर अधिसूचना काढणे म्हणजे वर्ष वाया घालवणे होय. (उशिराला जमीन हेच एकमेव कारण नसते, हेही खरे: समृद्धीचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, तर घाटातील बोगदे असलेला इगतपुरी–आमणे टप्पा जून २०२५ मध्ये.)

कार्यारंभ आदेश देताना जमिनीची टक्केवारी पाहून भागत नाही, कारण ताब्यातील जमीन तुकड्यातुकड्यांत असेल तर यंत्रे उभी राहतात आणि ठेकेदाराच्या भरपाईच्या दाव्याला आधार मिळतो. सलग लांबी ताब्यात आल्यावरच आदेश द्यावा.